भाव हुकुमानें ठरतो काय?

अर्थशास्त्र हा शब्द कानीं पडतांच तो विषय मोठ्या शहरांतील पेढीवाल्यांचा, आपला नव्हे, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः आठवड्याच्या बाजारीं भाजी घेणारी माउली आणि आडतीवर सोयाबीनचें पोतें उतरविणारा शेतकरी हीं दोघेंही त्या शास्त्राचे प्रयोग नित्य करीत असतात. शास्त्राचा विचार न केल्यामुळें मात्र कांहीं गोड दिसणारे भ्रम आपल्या मनांत घर करतात. आणि अशा भ्रमांवर राज्याचीं धोरणें उभीं राहिलीं म्हणजे त्यांचें मोल बहुधा गरिबासच द्यावें लागतें. अशा तीन भ्रमांचा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

पहिला भ्रम असा कीं, व्यापारांत एकाचा नफा म्हणजे दुसऱ्याचा तोटा. आपल्या लोहा तालुक्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा कोणीं पाहिली नाहीं? मार्गशीर्षांत तेथें घोडे, गाढवें, उंट व बैल यांचा मोठा बाजार भरतो. लाल कंधारी बैलांची जोडी विकणारा एक शेतकरी व ती घेणारा दुसरा शेतकरी यांचा सौदा मनांत आणा. विकणाऱ्यास त्या घडीला बैलांपेक्षां रुपयांची गरज अधिक आहे. घेणाऱ्यास रुपयांपेक्षां बैलांची. म्हणूनच सौदा पटतो, आणि दोघेही आपापल्या परीनें अधिक संपन्न होऊन घरीं जातात. तोटाच होणार असें एकासही वाटलें असतें, तर त्यानें दावें सोडलेंच नसतें. खुषीच्या व उघड सौद्यांत उभयतांचा लाभ असतो. जेथें फसवणूक आहे तेथील गोष्ट निराळी. तिचा विचार पुढें करूं.

दुसरा भ्रम याहून मोठा आहे. तो असा कीं, भाव ही हुकुमानें ठरविण्याची गोष्ट आहे. भाव हा खरोखर एक निरोप्या आहे. ज्वारी महाग झाली म्हणजे तो घरोघर सांगत जातो, “धान्य थोडें आहे, जपून वापरा”; आणि शेतोशेतीं सांगतो, “पुढील खेपेस अधिक पेरा”. या निरोप्याचें तोंड बांधल्यानें धान्य वाढत नाहीं, केवळ वार्ता पोंचत नाहीं.

याचा मोठा धडा मराठवाड्याच्या कापूसवाल्यांनीं घेतलेला आहे. महाराष्ट्र राज्यानें १९७१ सालीं कच्च्या कापसाविषयीं कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदीची योजना सुरू झाली. हेतु चांगला होता. व्यापारी व सावकार शेतकऱ्यास नाडीत असत, हें दुःख खरें होतें. म्हणून सर्व कापूस सरकारी यंत्रणेनेंच ठरलेल्या भावानें घ्यावा, दुसऱ्या कोणास तो विकूं नये, असें ठरलें. मंदीच्या वर्षांत कित्येक लहान शेतकऱ्यांस या हमीचा आधार झाला, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.

परंतु भाव कागदावर बांधला तरी कापूस बांधला जात नाहीं. नांदेड जिल्ह्याची पूर्व सीमा आज तेलंगणास लागलेली आहे. २०१४ पूर्वीं तेथें आंध्र प्रदेश होता. सीमेपलीकडे भाव चढला कीं कापूस रात्रीं तिकडे जाई. येथला हमीभाव वरचढ झाला कीं बाहेरचा कापूस इकडे येई. म्हणजे तेजींत सरकारच्या वाट्यास माल कमी, आणि मंदींत सर्वांचा माल सरकारच्या दारीं! तशांत मोजणीसाठीं गाड्यांच्या रांगा लागत, आणि चुकाऱ्याची वाट पाहत घरचीं लग्नें व सावकाराचे हप्ते अडून राहत. विकत घेणारा एकच असल्यामुळें रागावून दुसऱ्या दारीं जाण्याची सोय नव्हती. पुढें जगांत कापसाचे भाव घसरले, योजनेचा तोटा हजारों कोटींवर गेला, आणि २००२ सालीं खाजगी व्यापाऱ्यांस पुन्हां खरेदीची मोकळीक मिळून एकाधिकार संपला.

हा तोटा कोणीं भरला? फ्रान्स देशांत बास्तिया नांवाचा अर्थशास्त्रज्ञ होऊन गेला. त्यानें १८५० सालीं असें प्रतिपादिलें कीं, प्रत्येक धोरणाचा एक परिणाम दिसतो व दुसरा दिसत नाहीं. जो दोन्ही पाहतो तोच चांगला अर्थशास्त्रज्ञ. शेतकऱ्याच्या हातीं पडलेला हमीभाव दिसला. परंतु त्या तोट्याच्या पैशांत जो पाट, जो रस्ता, जी शाळेची खोली झाली असती, ती कोणासही दिसली नाहीं. कारण ती झालीच नाहीं. सरकारच्या तिजोरींतील रुपया हा साबण व चहापत्ती घेणाऱ्या मजुराच्या खिशांतूनही आलेला असतो.

हीच चूक उलट दिशेनेंही घडते. शहरांत कांदा स्वस्त राहावा म्हणून केंद्र सरकारनें २०२३ च्या डिसेंबरांत कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी २०२४ च्या मे महिन्यांत उठली. गिऱ्हाइकाचे वांचलेले चार रुपये दिसले. परंतु लासलगांवच्या बाजारांत ज्याच्या कांद्याचा भाव एकाएकीं कोसळला, त्याच्या घरचा हिशेब शहरास दिसला नाहीं.

आतां तिसरा भ्रम. हा मोकळ्या बाजाराच्या कैवाऱ्यांचा आहे. मोकळा बाजार म्हणजे बेबंद बाजार, असें त्यांतील कांहीं जण समजतात. गुरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून सौदा करण्याची चाल पुष्कळांनीं पाहिली आहे. तींत भाव दलालास कळतो, शेजारच्या शेतकऱ्यास कळत नाहीं. जेथें भाव झांकलेला व माप खोटें, तेथें बाजार मोकळा नव्हेच. बायबलाच्या नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा धिक्कार केलेला आहे तो याच कारणास्तव. आपल्या शेजारच्या वऱ्हाडांत १८९७ सालींच कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं कायदा झाला होता. उघड लिलाव, खरें वजन व वेळेवर चुकारा यांसाठीं कायद्याचा हात हवाच. कायद्यानें तराजू सरळ ठेवावा. पारड्यांत बोट घालूं नये.

मदत व सक्ती यांतील भेदही ध्यानांत ठेवावा. आज कापसास हमीभाव आहे. बाजार पडला म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, ज्यास लोक सीसीआय म्हणतात, तें त्या भावानें खरेदी करतें. परंतु शेतकऱ्यास अधिक भाव देणारा मिळाला, तर त्यास विकण्याची मुभा आहे. या मदतीसही खर्च लागतो, व तो मोजलाच पाहिजे. तथापि तींत दुसरें दार बंद केलेलें नाहीं.

विद्यार्थ्यांनीं उद्यां मतदार व्हावयाचें आहे. कोणी पुढारी अमुक वस्तु स्वस्त करूं, तमुक महाग करूं, असें वचन देऊं लागला, म्हणजे त्यास नम्रपणें तीन प्रश्न विचारावे: याचा पैसा कोण देणार? यानें पुढील वर्षीं माल वाढेल कीं घटेल? आणि ज्याचें नुकसान होईल तो या सभेंत बसलेला आहे काय? पालकांनींही हे प्रश्न रात्रीं जेवतांना मुलांबरोबर घोळावे, अशी आमची विनंती आहे. ज्या घरांत कापूस पिकतो, त्या घरांत या शास्त्राचा अभ्यास परीक्षेपुरता राहूं नये.