ठिणगी कुठे हरवली?



जुनी गाडी बरेच महिने उभी राहिली की कधी कधी असे होते: सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. मग कोणी म्हणते प्लग बदला, कोणी म्हणते कॉईल बदला. अंदाजाने भाग बदलत गेलो तर पैसे जातात आणि शेवटी चांगली गाडी भंगारात निघते. म्हणून आज आपण दोष शोधण्याची रीत शिकू. उदाहरणाला १९७० सालची फोक्सवॅगन बीटल घेऊ.

ठिणगी तयार कशी होते?
बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉईलमधल्या पहिल्या वेटोळ्यातून जातो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉईंट उघडले की तो एकदम तुटतो आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. ते मधल्या जाड तारेने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येतात. तिथे फिरणारा रोटर ते चार प्लगना पाळीपाळीने वाटतो.

सावधान!
हे काम मोठ्यांनीच करावे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि गॅरेजचे दार उघडे हवे. पेट्रोलचा वास येत असेल तर थांबा. संगणकावर चालणाऱ्या नव्या गाड्यांच्या तारा अशा काढू नयेत.

तपासणी १. टोपीतून मधली जाड तार काढा. रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनच्या धातूपासून ५-६ मिलिमीटरवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी ठिणगी उडाली तर कॉईलपर्यंत सर्व ठीक. मग टोपी, रोटर, प्लगच्या तारा आणि प्लग पाहा. टोपीला बारीक तडा किंवा आत ओल असू शकते. ठिणगी नसेल तर दोष अलीकडे आहे. आम्ही प्रोग्राममधली चूक शोधतो तीही अशीच, मधोमध तपासून. एका तपासणीत अर्धी गाडी निर्दोष सुटते!

तपासणी २. टेस्ट लॅम्पची एक तार इंजिनच्या धातूला लावा. चावी फिरवून दुसरे टोक कॉईलच्या १५ क्रमांकाच्या टोकाला टेकवा. दिवा लागला नाही तर चावीचा स्विच किंवा तिथून येणारी तार पाहा.

तपासणी ३. आता टोक १ क्रमांकाला टेकवून सेल्फ मारा.
- दिवा लुकलुकतो: पॉईंट काम करतात. संशय कंडेन्सर, कॉईल आणि ती जाड तार यांवर.
- दिवा सतत लागलेला: पॉईंट जुळत नाहीत. उभ्या गाडीत त्यांवर थर चढतो. ते स्वच्छ करा आणि फट ०.४ मिलिमीटर ठेवा.
- दिवा लागतच नाही: डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक तार १ क्रमांकावरून काढा. आता लागला तर पॉईंट उघडत नाहीत किंवा तार वा कंडेन्सर धातूला टेकून शॉर्ट झाला आहे. तरीही लागला नाही तर कॉईलचे वेटोळे तुटले आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निकाल वहीत लिहा. वही मुलांनी सांभाळावी, मराठीत!

शब्द शिका: ठिणगी, वेटोळे, तडा, फट, लुकलुकणे. मुंबईकडचा मिस्त्री याच दोषाला म्हणतो, "प्लगला करंट येत नाही."

स्वाध्याय
१. पॉईंट बंद असताना १ क्रमांकावरचा दिवा का विझतो?
२. मधल्या तारेला ठिणगी आहे, पण चारही प्लगना नाही. आधी काय पाहाल?
३. आईबाबांना ही तपासणी पाच वाक्यांत सांगा.