आधी चेहरा, मग रंग

दादरच्या शिवाजी मंदिरात एकाच दिवशी पाठोपाठ प्रयोग लागतात. आधीचं नाटक उतरून आपलं लागेपर्यंत हाताशी वेळ थोडा, त्यामुळे प्रकाशयोजनेच्या कामात क्रम पाळावाच लागतो.

नेपथ्य उभं राहीपर्यंत फोकसला हात लावू नका. नेपथ्याचा फ्लॅट वीतभर सरकला तरी केलेलं काम वाया जातं. तोवर कुठला लाइट कोणत्या बारवर आणि कोणत्या डिमरला, हे कागदावर लिहून काढा.

लाइट टांगताना क्लॅम्प आवळून सेफ्टी चेन बारभोवती घ्या. चेन नसलेला लाइट नटांच्या डोक्यावर टांगूच नये. हजार वॉटचा हॅलोजन २३० व्होल्टवर सव्वाचार अँपियरहून थोडा जास्त ओढतो, म्हणून १५ अँपियरच्या सॉकेटवर तीनच लावा. बल्बच्या काचेला उघडं बोट लागू देऊ नका. बोटाचं तेल राहिलं तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

आता फोकस. बाकी सगळं बंद करून एका वेळी एकच लाइट पेटवा. नटाच्या उंचीचा कुणीतरी त्याच्या जागेवर उभा करा. त्याने लाइटकडे बघायचं आणि झोताचा सर्वांत प्रखर भाग तोंडावर आला की शिडीवरच्याला थांबवायचं. समोरचा झोत साधारण ४५ अंशांतून यावा. फार उंचावरून आला तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, फार खालून आला तर नटाची सावली मागच्या भिंतीवर चढते. मग त्याला सोफ्यापासून दारापर्यंत सावकाश चालायला सांगा आणि तुम्ही प्रेक्षागृहात मागे जाऊन बघा. मध्येच चेहरा काळवंडला, तर शेजारचे दोन झोत एकमेकांवर पुरेसे चढलेले नाहीत. पुन्हा शिडी लावा. इथे कंटाळा करू नका. आपलं नाटक शब्दांवर चालतं, आणि नटाचे डोळे दिसेनासे झाले की प्रेक्षकाचं वाक्यावरचं लक्षही सुटतं.

प्रोफाइल लाइटच्या शटरने रंगमंचाच्या कमानीवर सांडणारा उजेड कापा. रंगीत जिलेटीन त्यानंतर लावा. गडद निळा बराच उजेड खातो, तेव्हा रात्रीच्या प्रसंगातही चेहऱ्यासाठी एक फिका झोत राखून ठेवा.

प्रकाशबदलाचे क्यू संहितेत नेमक्या शब्दापाशी लिहा. ब्लॅकआउटमध्ये नट जिथून चालणार, त्या पायऱ्यांच्या कडांना रेडियम टेप लावा.

तिसऱ्या घंटेच्या बऱ्याच आधी प्रत्येक डिमर एकदा वर-खाली करून बघा. गेलेला बल्ब तेव्हा बदलता येतो. पडदा उघडल्यावर शिडी लावता येत नाही.