पट चुकतो, पण नेमका कुठे?

१९८३ ची ब्रिटिश ओपन, रॉयल बर्कडेल, शनिवारची फेरी. चौदाव्या होलवर हेल आयर्विनचा पट होलच्या काठाशी येऊन थांबला. उरलेलं अंतर दोन-एक इंच. आयर्विन म्हणजे दोनदा यू. एस. ओपन जिंकलेला खेळाडू. तो पुढे झाला आणि पटरच्या पाठीने बॉल सहज आत ढकलायला गेला. पटर जमिनीला लागून उसळला, बॉलवरून निघून गेला आणि बॉल होता तिथेच राहिला. फटका मात्र मोजला गेला. रविवारी टॉम वॉटसन जिंकला, आयर्विनपेक्षा फक्त एका फटक्याने.

कार्डावर अडीचशे यार्डांचा ड्राइव्हही एक आणि हा दोन इंचांचा पटही एकच. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी रविवारी सकाळी रेंजवर ड्रायव्हर फिरवणाऱ्यांची गर्दी असते आणि प्रॅक्टिस ग्रीनवर दोघं-तिघंच दिसतात. मग फेरी संपल्यावर चहा घेताना ठरलेलं वाक्य येतं, ‘आज पटिंगने घात केला.’ त्यावरचा उपायही ठरलेला, नवा पटर. महिनाभर तो चालतो, मग त्याचीही रवानगी जुन्या पटरांच्या सोबतीला होते.

खरी अडचण अशी की ‘पटिंग बिघडलं’ हे एका दुखण्याचं नाव नाही. अंतर चुकणं, दिशा चुकणं, ग्रीन वाचता न येणं, घाई आणि हाताला बसणारा झटका ही वेगवेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, उलट कधी कधी बाधतं.

अंतरापासून सुरुवात करू, कारण हौशी खेळाडूंचे सर्वांत जास्त फटके तिथे जातात आणि तक्रार मात्र दिशेची असते. हिशोब करून पाहा. तीस फुटांच्या पटला पटरचा फेस एका अंशाने वाकडा लागला तर बॉल होलच्या मध्यापासून साधारण सव्वासहा इंच बाजूला जातो. पुढचा पट मग नुसता आत ढकलायचा. पण त्याच पटला अंतर दहा टक्क्यांनी कमी-जास्त झालं की बॉल तीन फूट अलीकडे राहतो किंवा तीन फूट पलीकडे जातो. तीन पट होतात ते इथे. तरीही लांब पटच्या आधी माणसं मिनिटभर वाकून रेषा न्याहाळतात आणि जोराचा विचार एका क्षणात उरकतात.

उपाय साधा आहे. प्रॅक्टिस ग्रीनवर होल विसरून जा. दहा, वीस, तीस पावलांवर टी खोचा आणि प्रत्येक टीपर्यंत बॉल नेऊन थांबवा. सलग एकाच अंतरावर नाही, आलटून पालटून. फेरीत तरी कुठे तोच पट दोनदा मिळतो? मागे नेलेल्या पटरची लांबी बदलून अंतर साधायचं, मनगटाच्या हिसक्याने नाही. मागे लांब नेऊन बॉलपाशी येताना हात आखडता घेणं ही सवय फार जणांना असते, तिथेही औषध हेच. मागचा झोका लहान ठेवा, मग पुढे आखडायची वेळच येत नाही.

जोर किती असावा, यावर पूर्वी नासात काम केलेल्या आणि पुढे शॉर्ट गेमचा अभ्यासक म्हणून नाव कमावलेल्या डेव्ह पेल्झने पुष्कळ प्रयोग केले. होल चुकलं तर बॉल सुमारे सतरा इंच पुढे जाऊन थांबावा, असं त्याचं म्हणणं. काही शिक्षकांना हा आकडा जास्त वाटतो. पण मूळ मुद्दा वादाचा नाही. अलीकडे राहिलेला बॉल आत जात नाही आणि फार जोरात गेलेल्या बॉलसाठी सव्वाचार इंचांचं होल लहान होतं. कॅरममध्ये जोरात मारलेली सोंगटी भोकाच्या तोंडाशी आपटून परत येते, तसाच हा बॉल काठाला वळसा घालून बाहेर पडतो.

जवळच्या पटला मात्र सगळा खेळ दिशेचा. बॉल कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः फटक्याच्या क्षणी पटरचा फेस कुठे बघतो यावर ठरतं. पटरचा मार्ग थोडा आत-बाहेर झाला तर त्याचा परिणाम बराच कमी. दहा फुटांवर फेस एका अंशाने फिरला की बॉल दोन इंचांहून थोडा जास्त सरकतो, म्हणजे बरोबर होलच्या काठावर. एक अंश डोळ्याला दिसतही नाही. म्हणून ‘माझा स्ट्रोक तर सरळ आहे’ या बोलण्याला फारसा अर्थ उरत नाही.

हे तपासायला गोल्फ कोर्सही लागत नाही. घरात फरशीची सरळ रेघ असते. तिच्यावर बॉल ठेवा, नेहमीसारखे उभे राहा आणि दुसरा बॉल डाव्या डोळ्याजवळ धरून सोडा (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी हे सांगतोय). तो बॉलवर किंवा किंचित आपल्या बाजूला पडला तर ठीक. पलीकडे पडला तर डोळे रेषेच्या बाहेर आहेत, सरळ रेषा तुम्हाला वाकडी दिसते आहे आणि हात ती नकळत ‘सुधारत’ आहेत. अशा माणसाचा स्ट्रोक दुरुस्त करायला जाणारा शिक्षक त्याचं नुकसानच करतो. आधी उभं राहणं बदलायचं.

दुसरी कसोटी टायगर वूड्समुळे सगळ्यांना माहीत झाली. पटरच्या दोन्ही टोकांना जेमतेम जागा सोडून दोन टी खोचायच्या आणि त्या दारातून पटर न्यायचा. फटका पटरच्या मध्यावर बसतो की टोकावर, हे टी लगेच सांगतात. वूड्स हे नुसत्या उजव्या हातानेही करायचा. पाच फुटांच्या आत, सपाट जागी, रोज थोडा वेळ केलं तरी पुरे. मोठ्या उताराच्या पटवर हा सराव करण्यात अर्थ नाही, कारण तिथे चूक फेसची होती की अंदाजाची हे कळत नाही.

अंदाजाचा, म्हणजे ग्रीन वाचण्याचा प्रश्न आपल्याकडे थोडा वेगळा आहे. टीव्हीवर दिसणारं ऑगस्टा १९८१ पासून बेंटग्रासवर आहे. आपल्या उष्ण हवेत ग्रीनवर बहुतेक ठिकाणी बर्म्युडा जातीचं गवत असतं, म्हणजे आपल्या हरळीचेच सुधारित वाण. त्याचं पातं एका बाजूला झुकून वाढतं, त्या झुकावाला ग्रेन म्हणतात. पात्याच्या दिशेने गेलेला बॉल पळतो, विरुद्ध गेलेला अडतो आणि आडव्या ग्रेनवर उतार नसतानाही बाजूला ओढला जातो. येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या कोर्सवर वर्षानुवर्षं वावरलेले कॅडी हे पायाखालच्या स्पर्शावरून सांगतात. इतरांसाठी दोन खुणा पुरतात. होलकडे बघताना गवत चकचकीत दिसलं तर ग्रेन आपल्यापासून दूर, काळपट दिसलं तर आपल्याकडे. दुसरी खूण होलच्या काठावर. ज्या बाजूचा काठ झिजलेला, तपकिरी दिसतो, ग्रेन त्या बाजूकडे वाहतो. पावसाळ्यात गवत वाढून ओलं झालं की सगळंच मंदावतं. मेमधले अंदाज जुलैत वापरणारा माणूस दिवसभर अलीकडेच राहतो.

कॅडीवर विसंबणाऱ्यांना इथेच एक सूचना. २०१९ च्या नियमांनुसार तुम्ही फटक्यासाठी उभे राहू लागल्यावर कॅडीने तुमच्या मागे रेषेत उभं राहून दिशा लावून द्यायची नाही. क्लबच्या फेरीत कुणी हरकत घेत नाही, म्हणून पुष्कळ जणांना ही सवय जडली आहे. स्पर्धेत दंड होतो. त्याहून वाईट म्हणजे स्वतःला दिशा लावताच येत नाही, हे तिथे कळतं. त्याच नियमांनी ग्रीनवरच्या बुटांच्या खुणा बुजवायची आणि पट करताना झेंडा होलमध्येच ठेवायची मुभाही दिली आहे. ती वापरायला काहीच हरकत नाही.

आता घाई. या दुखण्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सेंट अँड्र्यूजचं, १९७० सालचं. अठराव्या होलवर डग सँडर्सला ओपन जिंकायला फक्त पार हवा होता आणि शेवटचा पट तीन फुटांच्या आतला होता. तो बॉलवर उभा राहिला. मग रेषेत काहीतरी कण दिसला असं वाटून, पाय न हलवताच वाकला, हाताने जागा झाडली, पुन्हा सरळ झाला आणि लगेच फटका मारला. बॉल उजवीकडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी अठरा होलच्या प्लेऑफमध्ये जॅक निकलसने त्याला ७२ विरुद्ध ७३ असं हरवलं. त्या पटचा विचार अजून येतो का, असं विचारलं की, मध्ये कधी कधी पाच मिनिटं येत नाही, असं सँडर्स सांगत असे.

विनोद उत्तम, पण शिकायचं ते त्या वाकण्यात आहे. लक्ष मोडलं, तयारी मोडली आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू न करता अर्ध्यावरून पुढे गेला. असं झालं की बॉलपासून दोन पावलं मागे व्हायचं, रेषा पुन्हा बघायची, नेहमीचे दोन सराव-झोके घ्यायचे आणि मगच उभं राहायचं. मागचे खेळाडू खोळंबले असतील तरी चालेल, यात दहा सेकंदही जात नाहीत. टॅप-इनसुद्धा दोन्ही पाय नीट ठेवूनच.

दडपणाखालचा छोटा पट हे याचंच भावंड. दक्षिण कोरियाच्या किम इन-क्यूंगचा २०१२ च्या क्राफ्ट नॅबिस्को स्पर्धेत शेवटच्या होलवर फूटभराचा पट काठावरून फिरून बाहेर आला आणि मेजर गेली. पाच वर्षांनी तिने महिलांची ब्रिटिश ओपन जिंकली. रोरी मॅकिलरॉयने २०२४ च्या यू. एस. ओपनमध्ये पाइनहर्स्टला शेवटच्या तीन होलमध्ये चार फुटांच्या आतले दोन पट घालवले आणि एका फटक्याने हरला. पुढच्या वर्षी ऑगस्टाला त्याने अठराव्यावर पुन्हा एक छोटा पट घालवला आणि तरीही प्लेऑफमध्ये बर्डी करून मास्टर्स जिंकला. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी नजरेवर केलेला अभ्यास इथे कामाचा आहे. चांगले पट करणारे फटक्याआधी नजर बॉलवर एकाच जागी दोन-तीन सेकंद स्थिर ठेवतात, तर इतरांची नजर बॉल, पटर, होल अशी भटकत राहते. नजर थांबवायला शिकता येतं.

यिप्स मात्र वेगळं प्रकरण. फटक्याच्या क्षणी हाताला आपोआप बसणारा हिसका, हे त्याचं स्वरूप. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी यात दोन प्रकार मानले. एक दडपणातून येणारा आणि दुसरा मज्जासंस्थेशी निगडित, सतत लिहिणाऱ्यांच्या हाताला येणाऱ्या पेटक्याच्या जातीचा. या दुसऱ्या प्रकाराला ‘अजून सराव कर’ असं सांगणं म्हणजे दुखणं पक्कं करणं. बर्नहार्ड लँगरला हा त्रास तरुणपणीच सुरू झाला आणि कारकिर्दीत पुन्हा पुन्हा परतला. त्याने दर वेळी जुनी हालचाल सुधारत बसण्याऐवजी ती टाकूनच दिली. डावा हात दांड्यावर खाली नेला आणि उजव्या हाताने पटरची मूठ डाव्या हाताच्या कोपराखालच्या भागावर आवळून धरली. १९९३ ची मास्टर्स त्याने याच विचित्र पकडीने जिंकली. पुढे लांब पटर घेतला, २०१६ मध्ये पटर अंगाला टेकवण्यावर बंदी आल्यावर तो अंगापासून दूर धरून खेळत राहिला आणि २०२३ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, सीनियर टूरवरच्या विजयांचा विक्रम मोडला. तो विक्रम हेल आयर्विनचा होता. खरा हिसका असलेल्या माणसाने पकड, पटरची लांबी किंवा नजरेची जागा यांपैकी काहीतरी पार बदलावं. जॉर्डन स्पीथ २०१५ मध्ये छोटे पट होलकडे बघत मारायचा. लोक हसले तर हसू द्यावं.

आणि अपेक्षा बेताची ठेवावी. अमेरिकेच्या टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये लांब ड्राइव्ह मारणाऱ्यांशी मुख्यतः पटरच्या बळावर झुंजलेल्या अदिती अशोकचाही शेवटच्या होलवरचा बर्डीचा पट राहिला आणि पदक एका फटक्याने हुकलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. शनिवार-रविवार खेळणाऱ्याने आठ फुटांचा पट चुकल्यावर पटर बॅगेवर आपटणं हास्यास्पद आहे. चिडायचंच असेल तर तीस फुटांवरून पाच फूट अलीकडे राहिलेल्या पटवर चिडावं.

तेव्हा पुढच्या चार-पाच फेऱ्यांत स्कोअरकार्डच्या समासात प्रत्येक चुकलेल्या पटसमोर तीन गोष्टी लिहा. किती फुटांचा होता, अलीकडे राहिला की पलीकडे गेला, डावीकडून गेला की उजवीकडून. मग ती कार्डं घेऊन शिक्षकाकडे जा, आणि तोवर नव्या पटरवर पैसे घालू नका.