पाकीट उलटं करा, मग धंद्याचं ठरवा

नंदुरबार असो की शहादा, दुकानात 'हेल्दी' लिहिलेली पाकिटं दिसतातच. तुम्हालाही स्वतःचा खाद्यपदार्थांचा ब्रँड काढायचाय? मग आधी पाकिटाची मागची बाजू वाचायला शिका.

१. घटक: जो वजनाने जास्त, तो यादीत आधी. 'नाचणी बिस्किटा'त मैदा पहिला असेल, तर नाचणी किती टक्के ते बघा.

२. साखर: १०० ग्रॅममागचा आकडा घ्या, ४ ने भागा. २४ ग्रॅम म्हणजे सहा चमचे! पोराला एवढी द्याल का?

३. दावा: एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन कंपन्यांना बजावलं, माल्टची पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका. कायद्यात तशी व्याख्याच नाही.

आता आपला माल बघा. धडगावचा आमचूर, नंदुरबारची मिरची पावडर, जीआय मिळालेली नवापूरची तूरडाळ. घटक एकच, लपवायला काही नाही. हीच तुमची जाहिरात! पण लोणचं विकणार असाल, तर मीठ-तेलाचा आकडा खरा छापा. घरगुती म्हणजे पौष्टिकच, असं नसतं.

गृहपाठ: आज घरातली तीन पाकिटं वाचा. मगच स्वतःचं लेबल लिहायला बसा.