रुपया घसरला म्हणून सोनं घेताना

पलसाणा तालुक्यात मराठी बोलणारा माणूस भेटला, की तो बहुधा खानदेशातला निघतो. धुळे, नवापूर, सोनगढ, बारडोली करत येणारा रस्ता इथे मुंबई-अहमदाबाद हायवेला मिळतो आणि आमच्यातली बहुतेक घरं याच रस्त्यानं आली. कोणी लूमवर, कोणी डाइंगमध्ये, कोणी माझ्यासारखा प्रोसेस हाउसच्या हिशेबाच्या टेबलावर. पेन्शन कुणालाच नाही. कपड्याचा बाजार बसला की आधी पाळ्या कमी होतात, मग माणसं. त्यामुळे चार पैसे उरले की सोनं घ्यायचं, ही जळगाव-अमळनेरच्या सराफ्यातली रीत आम्ही इथेही चालू ठेवली. ती रीत चांगली आहे, असं माझं आजही ठाम मत आहे.

पण या रीतीला हल्ली एक भीती चिकटली आहे. देशावर एवढं कर्ज झालंय, रुपया डॉलरमागे नव्वदीला गेलाय, उद्या नोटेला कोणी विचारणार नाही, असेल नसेल ते आजच सोन्यात घाला. चहाच्या टपरीवर आणि मोबाईलवर हे रोज ऐकू येतं. आमच्या घरात हीच भीती २०१२ साली येऊन गेली. आणि २०२० साली सोन्यानं आम्हाला एका बाजूनं तारलं, दुसऱ्या बाजूनं हातचं गेलं. जे आमच्यावर गुजरलं ते दुसऱ्या घरावर येऊ नये म्हणून लिहितो आहे.

भीती अगदीच खोटी नाही, हे आधी सांगायला हवं. ६ जून १९६६ रोजी सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं आणि पावणेपाच रुपयांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. १९९१ मध्ये परदेशी चलनाची तिजोरी रिकामी होत आली, तेव्हा आधी २० टन सोनं परदेशात विकलं गेलं, मग रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून ४० कोटी डॉलर उभे केले. त्याच जुलै महिन्यात रुपया दोनदा खाली आणला. देशालाही शेवटी सोनंच गहाण टाकावं लागलं, हे आमच्या नानांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि ते कधी विसरले नाहीत. १९६६ मध्ये १० ग्रॅमला शंभर रुपयेसुद्धा पडत नव्हते. २०२५ मध्ये भावानं लाखाचा टप्पा ओलांडला. साठ वर्षांचा हिशेब मांडला तर सोनं घेणारा चुकला, असं कोणी म्हणू शकणार नाही.

मात्र कर्ज आणि रुपया यांचा संबंध टपरीवर सांगतात तसा नाही. आपल्या सरकारचं बहुतेक कर्ज रुपयातच आहे आणि ते आपल्याच बँका, एलआयसी, भविष्य निर्वाह निधी यांच्याकडून घेतलेलं आहे. असं कर्ज एका रात्रीत देश बुडवत नाही. महागाई वर्षानुवर्षं पैशाची किंमत खात जाते आणि जुनं कर्ज हलक्या झालेल्या रुपयानं फिटतं. त्यात झिजते ती आपली बचत. हे सगळं संथपणे होतं, म्हणून त्यावरचा उपायही संथच असावा लागतो. एका दिवाळीत घरातली सगळी पुंजी सोन्यात ओतणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

२०१२ मध्ये दादानं तेच केलं. सोनं तेव्हा १० ग्रॅमला ३१ हजारांच्या घरात होतं, रुपया डॉलरमागे पंचावन्नाला आला होता आणि जो तो सांगत होता की आता थांबलास तर संपलास. चलथाणला घर घेण्यासाठी साठवलेल्या रकमेतून खड्यांचा हार आला. २०१५ मध्ये पुतण्याच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी तो मोडावा लागला. या तीन वर्षांत रुपया आणखी घसरून ६६ पर्यंत गेला होता. म्हणजे दादाचा रुपयाबद्दलचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, आणि तरीही सोनं २६ हजारांवर होतं. कारण सोन्याचा भाव जगात डॉलरमध्ये ठरतो. २०११ मध्ये औंसाला १९०० डॉलरला टेकलेलं सोनं २०१५ च्या अखेरीस १०५० च्या आसपास आलं होतं. रुपया पडला त्यापेक्षा सोनं जास्त पडलं. जुनी माणसं तर याहून मोठी पडझड सांगतील. १९८० च्या जानेवारीत ८५० डॉलरला गेलेलं सोनं पुन्हा त्या भावाला यायला २००८ साल उजाडलं.

भावातली घट एवढीच असती तरी सोसली असती. मोड देताना सराफानं आधी खड्यांचं वजन काढलं, मग डाखाची घट धरली, घडणावळ तर कधीच परत मिळत नाही. आजच्या दरानं हिशेब करून पाहा. एक लाखाचं सोनं, त्यावर १२ टक्के घडणावळ, आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे तुम्ही मोजता १ लाख १५ हजार ३६०. दुसऱ्याच दिवशी विकायला गेलात तर लाखाच्या आतच हातात पडतात. भाव पंधरा-सतरा टक्के वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच आहात. लेकीच्या लग्नात घालायला दागिना हवा तर जरूर करा, त्याची हौस आणि मान वेगळा. पण रुपयाच्या घसरणीवर उपाय म्हणून कुंदनाचा हार घेऊ नका.

आमच्या मायनं हे कुणी न सांगता ओळखलं होतं. ती गुरुपुष्यामृताला आणि दसऱ्याला चोख सोन्याचं साधं वेढणं घ्यायची. त्यात ना खडा, ना मीना, ना नक्षी. कधी गुंजभर, कधी थोडं जास्त, आणि जे घेतलं त्याची पावती त्याच कापडात गुंडाळलेली. भाव चढला म्हणून ती थांबली नाही आणि उतरला म्हणून धावली नाही. कर्ज काढून तर तिनं कधी गुंजही घेतली नाही.

मार्च २०२० मध्ये मिली बंद झाल्या. मे महिन्यात इथून जवळच वरेलीला मजूर घरी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर उतरले, ते दिवस या भागातला माणूस विसरणार नाही. आमचा पगार अर्धा, मग शून्य. पावसाळ्यात मायची वेढणी गावाकडच्या सराफाकडे नेली. सोनं तेव्हा ५५-५६ हजारांवर गेलेलं. वजन, कस, पैसे, तीनच गोष्टी झाल्या. खोलीचं भाडं, किराणा आणि नानांची औषधं त्यावर निघाली. रुपयाचं, कर्जाचं, मंदीचं जे काही संकट असेल त्यात सोनं कामाला येतं ते असं.

त्याच काळात वहिनीच्या पाटल्या मात्र गेल्या. त्या विकायच्या नव्हत्या, म्हणून एका सोनेतारण कंपनीत ठेवल्या. याचा हिशेब मी चोख सोन्याच्या भावानं मांडतो, म्हणजे कुणालाही ताडून पाहता येईल. ऑगस्ट २०२० मध्ये १० ग्रॅमचे ५६ हजार. त्यावर ७५ टक्के कर्ज म्हणजे ४२ हजार. महिना दोन टक्के व्याज, आणि ते भरायचं मुदतीच्या शेवटी. मार्च २०२१ पर्यंत देणं झालं जवळपास ४७ हजार ९००, आणि सोनं उतरून आलेलं ४४-४५ हजारांवर. कर्ज सोन्यापेक्षा जड झालं. नोटिसा गेल्या त्या आम्ही सोडलेल्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर. आम्हाला कळलं तेव्हा लिलाव होऊन गेला होता. वहिनीच्या आईनं दिलेल्या पाटल्या होत्या त्या.

रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये या कर्जांचे नवे नियम काढले आणि १ एप्रिल २०२६ ही ते लागू करण्याची शेवटची तारीख ठेवली. मुदतीअखेर एकरकमी फेडायच्या कर्जात आता व्याजासह होणारी पूर्ण रक्कम धरून तारणाचं प्रमाण मोजायचं आहे. अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के ही मर्यादा. कर्ज फिटल्यावर दागिना कामकाजाच्या सात दिवसांत परत द्यायचा, आणि उशीर कर्ज देणाऱ्या संस्थेकडून झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. लिलावात देण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर वरची रक्कम तुमची असते, ती मागून घ्या. मिळतंय म्हणून ८५ टक्के उचलू नका. निम्म्यावर थांबलात तर भाव पडला तरी दागिना वाचतो. व्याज दरमहा भरत राहा. आणि सोन्याचं बिस्किट घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की बँक बिस्किटावर कर्ज देत नाही. दागिने आणि ठरावीक वजनापर्यंतची नाणी एवढंच तारण चालतं.

आणखी एका गोष्टीचा विचार टपरीवर कोणी करत नाही. सोनं सरकारच्या हाताबाहेर आहे, असं लोक समजतात. इथून जवळच्या वलसाडकडचेच मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी झाली आणि सोनारांच्या घरच्या चुली विझल्या. १९६८ च्या कायद्यानं बिस्किटं-लगडी घरात ठेवायलाच मनाई केली. तो कायदा १९९० मध्ये गेला. अमेरिकेनंही १९३३ मध्ये लोकांना घरचं सोनं सरकारजमा करायला लावलं होतं. अगदी अलीकडे, २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ वरून ६ टक्के झालं आणि भाव लगेच काही हजारांनी उतरला. आदल्या आठवड्यात घाईनं घेणाऱ्याचं नुकसान रुपयानं केलं नाही, एका घोषणेनं केलं.

सरकारनं स्वतः सोन्याच्या भावाशी बांधलेले रोखे काढले होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये ग्रॅमला २,६८४ रुपयांनी विकलेल्या पहिल्या रोख्याचे आठ वर्षांनी ६,१३२ रुपये द्यावे लागले, वर व्याज वेगळं. फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे आलेले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात, पण सोन्याच्या भावापेक्षा महाग पडत नाहीत ना ते पाहून घ्यावेत. ज्यांचं डीमॅट खातं आहे त्यांना गोल्ड ईटीएफ बरा; घडणावळ नाही, चोरीची भीती नाही. मोबाईलवर दहा रुपयांत मिळणाऱ्या ‘डिजिटल गोल्ड’पासून मात्र लांब राहा. ते आपल्या नियमनाखाली येत नाही, असा इशारा सेबीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. सराफाच्या मासिक हप्त्याच्या योजनेतही जपून. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवलीत गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली आणि हप्ते भरणारी कितीतरी मराठी घरं रडत पोलिसांकडे गेली. हप्त्याची पावती म्हणजे सोनं नव्हे. सोनं तुमच्या हातात येईपर्यंत ते उसने दिलेले पैसेच असतात.

दुकानातून घ्याल ते हॉलमार्कचंच घ्या. १ एप्रिल २०२३ पासून बहुतेक दागिने सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय विकता येत नाहीत. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक दुकानातच टाकून पाहा, कॅरेट आणि दागिन्याचा प्रकार जुळतो का ते बघा. पक्कं बिल घ्या आणि त्यात सोन्याचं वजन, खड्यांचं वजन, घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. मोड देताना त्याच कागदावर बोलता येतं.

किती सोनं असावं? माझं मत विचाराल तर आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत, आरोग्य विमा, मग बचतीच्या दहाव्या हिश्शापर्यंत सोनं. आमच्यासारख्या बिनपेन्शनच्या घरात फार तर पाचवा हिस्सा. त्यापुढे नाही, मग रुपया शंभरला जावो.

पलसाणा, कडोदरा, चलथाण, सचिन भागात भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या माझ्या बांधवांना एक कळकळीची विनंती. घरातला एखादा डाग आज तारण असेल, तर पावतीवरचा पत्ता आणि मोबाईल नंबर या आठवड्यातच तपासा. बदलला असेल तर लेखी अर्ज द्या आणि त्यावर शिक्क्यासह पोच घ्या.