बयान्याची रक्कम कोणाची?

दुकानाचा गाळा, लूमची शेड, गोदाम किंवा राहते घर, काहीही घ्यायचे असले तरी आपल्याकडील सौदा साधारणपणे एकाच रीतीने सुरू होतो. मालकाच्या बैठकीत किंवा दलालाच्या ऑफिसात चहा होतो, भाव ठरतो, जबान दिली जाते आणि घेणारा काही रक्कम पुढे ठेवतो. या रकमेला कोणी टोकन म्हणतो, कोणी बयाना, कोणी विसार, तर कोणी ॲडव्हान्स. एकाच बैठकीत एकाच रकमेला ही चारही नावे लावली जातात. सौदा पार पडला तर त्याने काही बिघडत नाही. सौदा मोडला, की मात्र प्रत्येक जण आपल्या सोयीचे नाव पुढे करतो. विकणारा म्हणतो, बयाना होता, बुडाला. घेणारा म्हणतो, ॲडव्हान्स होता, परत द्या. आणि पुष्कळदा ती रक्कम दोघांपैकी कोणाकडेच नसते. ती असते दलालाकडे.

कापडाच्या धंद्यात हा फरक आम्हाला पोरवयातच शिकवला जातो. जांगड आलेला माल आणि बिल झालेला माल एका फळीवर ठेवत नाहीत. जांगड थान पसंत पडेपर्यंत ते पाठवणाऱ्याचेच असते; ते विकून त्याचा पैसा गल्ल्यात टाकला, तर तुम्ही ते विकत घेतले असाच अर्थ होतो. शंभर मीटर कापडासाठी जो व्यापारी वेगळी जांगड वही ठेवतो, तोच आयुष्यभराच्या बचतीतून घर घेताना तीन लाखांची साधी पावतीही मागत नाही. मागितली, तर समोरच्याला अविश्वास वाटेल म्हणून संकोच करतो. वास्तविक देण्याघेण्याची लिखापढी करण्याचा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे आणि ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. तेव्हा पावती मागण्यात संकोच कसला?

प्रथम कायदा पाहू. सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या दाव्यात दिलेला निकाल आजही मार्गदर्शक मानला जातो. दिल्लीतील एका बंगल्याचा सौदा 1949 साली 1,12,500 रुपयांना ठरला होता. घेणाऱ्याने 1,000 रुपये बयाना म्हणून आणि 24,000 रुपये किमतीपैकी म्हणून दिले. सौदा पुरा झाला नाही, तेव्हा विकणाऱ्याने सगळे 25,000 आपले झाले असे सांगितले. न्यायालयाने बयान्याचे 1,000 त्याच्याकडे राहू दिले. उरलेले 24,000 हा बयाना नव्हे, आणि प्रत्यक्ष नुकसान दाखवल्याशिवाय अशी रक्कम केवळ करारात लिहिले आहे म्हणून गिळता येत नाही, असे ठरवले. याच्या उलट 2012 च्या सतीश बत्रा प्रकरणात 70 लाखांच्या सौद्यातील 7 लाख विकणाऱ्याला ठेवता आले. कारण ती रक्कम बयाना म्हणूनच लिहिलेली होती आणि घेणारा फिरला तर ती जप्त होईल, अशी अट करारात स्पष्ट होती. म्हणजे रक्कम लहान की मोठी, एवढ्यावर हे ठरत नाही. ती कशासाठी दिली आणि कागदावर काय लिहिले, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

आता शरीअतची बाजू. उर्दूतला बयाना हा शब्द 'बै' म्हणजे विक्री यावरून आला. अरबीत त्याला उर्बून म्हणतात. सौदा मोडला तर दिलेली रक्कम विकणाऱ्याने गिळावी, ही अट हनफी, मालिकी आणि शाफई या तिन्ही मसलकांत नाजायज आहे. म्हणजे देशावरचे आपले बहुतेक हनफी बांधव आणि कोकणातले बहुतेक शाफई बांधव दोघांनाही हा हुकूम लागू पडतो. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी मात्र ती मान्य केली. त्यांचा आधार असा, की ह. उमर (रजि.) यांच्या काळात मक्केत तुरुंगासाठी सफवान बिन उमय्या यांचे घर घेताना, ह. उमर यांना सौदा पसंत न पडल्यास ठरलेली रक्कम सफवान यांच्याकडे राहील, असे ठरले होते. 1993 साली ब्रुनेई येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही मुदत ठरलेली असेल तर उर्बूनला परवानगी दिली. कोणता मार्ग धरावा हे आपापल्या आलिमांना विचारावे. पण विचारण्याची वेळ सौद्याआधीची आहे. रक्कम हाती आल्यावर विकणाऱ्याला हंबली मसलक आठवतो आणि घेणाऱ्याला हनफी!

ज्यांना ही अट नको आहे, त्यांच्यासाठी सोपा उपाय आहे. बयाना थोडाच घ्यावा, मुदत कमी ठेवावी आणि सौदा न झाल्यास रक्कम परत मिळेल असे लिहावे. मुदत म्हणजे तारीख. 'ईदनंतर', 'माल उठला की', 'मुलगा सौदीहून आला की' या मुदती नव्हेत. अशा धूसर मुदतीने सौद्यातच खोट येते आणि कोर्टातही त्या सिद्ध करता करता घाम फुटतो.

सगळ्यात नाजूक जागा दलालाची. दलाली हा हलाल पेशा आहे, मेहनतीचा आहे, आणि चांगला दलाल नसता तर आपल्यापैकी निम्म्या लोकांना धड दुकान मिळाले नसते. परंतु बयाना त्याच्या हातात आला त्या क्षणी तो अमीन होतो. अमानत सांभाळूनही चोरीला गेली किंवा जळाली, तर फिकहच्या दृष्टीने अमीनावर भरपाई येत नाही. पण त्याने ती आपल्या पैशात मिसळली किंवा आपल्या धंद्यात वापरली, की तो अमीन राहत नाही. तो जामीन होतो. (आपला मराठी 'जामीन' हा शब्द तोच बरे.) मग नफा-तोटा, चोरी, आग, काहीही होवो, पूर्ण रक्कम त्याच्या डोक्यावर. देशाचा कायदाही याहून वेगळे सांगत नाही. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे एजंटाने ज्याचे काम घेतले त्याला हिशेब द्यावा लागतो व त्याच्यासाठी मिळालेली रक्कम त्याला द्यावी लागते. अमानतीत खयानत झाली तर आता भारतीय न्याय संहितेचे 316 वे कलम लागते, आणि अधिक कडक शिक्षा ज्यांना सांगितली आहे त्यांत दलालाचा नावानिशी उल्लेख आहे.

माझ्या पाहण्यातील एक प्रकरण सांगतो. एका शिलाई कारागिराने गाळ्यासाठी दोन लाख रुपये दलालाच्या हाती दिले. गाळा मरहूम बापाच्या नावावर होता आणि विकत होते दोन भाऊ. खरेदीखताच्या वेळी वकिलाने विचारले, बहिणी किती? तीन निघाल्या. एकीने सही द्यायला साफ नकार दिला, आणि तिचे चुकले असे कोण म्हणेल? वारसात तिचा हिस्सा होता आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. सौदा थांबला. कारागीर भावांकडे गेला, तर ते म्हणाले, आम्हाला एक रुपया मिळालेला नाही. दलाल म्हणाला, रक्कम मालकांसाठी घेतली होती, पण सध्या दुसऱ्या प्लॉटमध्ये अडकली आहे. त्या माणसाची नियत वाईट होती असे मला वाटत नाही. 'दोन महिन्यांत फिरवून देऊ' हा त्याचा नेहमीचा हिशेब. पण ती रक्कम मालकांची, कारागिराची की दलालाची, हे सांगणारा एकही कागद नव्हता. जमातीच्या बुजुर्गांनी मध्ये पडून हप्ते बांधून दिले. शेवटचा हप्ता मिळायला चौदा महिने लागले. तोपर्यंत त्या कारागिराची मशीन भाड्याच्या पत्र्याखालीच राहिली.

अशा वेळी उत्तम मार्ग म्हणजे रक्कम दलालाच्या हातून जाऊच न देणे. चेक किंवा बँकेतून थेट मालकाच्या खात्यात द्यावी, आणि तीही कागदपत्रे पाहिल्यावर. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, वारसांची नावे, बँकेचा बोजा, आणि जागा वक्फची तर नाही ना, एवढे तरी पाहावे. शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, हे बयाना देण्यापूर्वी आठवावे. मालक परगावी आहे, कागद अपुरे आहेत, म्हणून रक्कम मध्यस्थाकडेच ठेवावी लागली, तर तिघांच्या सहीचा कागद करावा. त्यात रक्कम किती व कशी दिली, ती अमानत म्हणून ठेवली आहे आणि दलाल ती वापरणार नाही, कोणती गोष्ट घडली की ती मालकाला मिळेल, कोणती घडली की घेणाऱ्याला परत जाईल, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सर्व लिहावे. हक्क निर्मळ निघाला नाही किंवा एखाद्या वारसाने सही दिली नाही, तर पूर्ण रक्कम परत, हे वाक्य कधीही सोडू नये. दलालाने अशा रकमांसाठी बँकेत वेगळे खाते ठेवावे. त्याला खर्च जवळजवळ काही नाही, आणि बाजारात त्याची साख वाढते ती वेगळीच.

दलालीही आधीच ठरवावी. दोन्हीकडून घेणार असाल तर दोघांना सांगून घ्या. मालकाला तीस सांगायचे, घेणाऱ्याला बत्तीस सांगायचे आणि मधले दोन ठेवायचे, याला काही लोक हुशारी समजतात. ज्याचे काम हाती घेतले त्याला अंधारात ठेवून मिळवलेला असा फायदा तो तुमच्याकडून वसूल करू शकतो.

नव्या इमारतीत बिल्डरकडून घेताना 2016 च्या रेरा कायद्याचा आधार आहे. नोंदणी केलेल्या कराराशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेचा 70 टक्के भाग त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. अशा प्रकल्पातील घरे विकून देणाऱ्या एजंटालाही नोंदणी सक्तीची आहे. त्याचा नोंदणी क्रमांक बेधडक विचारावा. जुन्या गाळ्याच्या खाजगी सौद्याला मात्र हे संरक्षण सहसा मिळत नाही. तिथे तुमचा कागद हेच तुमचे संरक्षण.

रोखीबद्दल थोडे. 1 जून 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या सौद्यात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त ॲडव्हान्स रोखीने घेता येत नाही. सौदा फिसकटला तरी परत करताना तोच नियम. दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो. आणि बयाना जप्त करून ठेवलाच, तर ते विकणाऱ्याचे उत्पन्न धरले जाते व त्यावर कर लागतो, हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावरच कळते.

शेवटी 'हेवी डिपॉझिट'. आपल्या मोहल्ल्यांत चार-पाच लाख डिपॉझिट आणि भाडे नाममात्र, अशी घरे सर्रास दिली-घेतली जातात. या रकमेला अमानत म्हणतात, पण मालक ती खर्च करतो, मुलीच्या लग्नाला किंवा लूमच्या दुरुस्तीला लावतो. मग ती अमानत कशी? ते कर्ज झाले. आणि कर्जाच्या बदल्यात फुकट किंवा स्वस्तात राहायला मिळते, त्या फायद्याला अनेक मुफ्ती सूदच म्हणतात. भाडे रास्त ठेवावे, डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतके घ्यावे, हा सरळ रस्ता आहे. ज्यांनी मोठी रक्कम आधीच घेतली आहे, त्यांनी निदान तिचा आकडा आणि परतीची तारीख करारात लिहून तो नोंदवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि करार लेखी व नोंदलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, जोपर्यंत मालक ते खोटे ठरवत नाही तोपर्यंत.