आकडा विचारण्याआधी

आई-बाबांनो, मुलाची चाचणी संपली की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मॅडम, आयक्यू किती आला?” या प्रश्नाचा मला राग येत नाही. शाळेतून चिठ्ठी आलेली असते, नातेवाइकांनी चार गोष्टी सुनावलेल्या असतात, तुमची झोप उडालेली असते. पण मुलांबरोबर काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, म्हणून मनापासून सांगते, तेवढ्या आकड्यावरून तुमचं मूल कळत नाही.

बुद्धीची चाचणी मुळात मदतीसाठीच निघाली. शाळेत मागे पडणाऱ्या कुठल्या मुलांना वेगळं शिकवायला हवं, ते ओळखण्यासाठी १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी ती तयार केली. बुद्धी जन्मभर आहे तेवढीच राहते, हे बिने यांना मान्य नव्हतं. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी ही चाचणी बेतली. तीच आपली बिने-कामत चाचणी.

मग चाचणीच्या वेळात मी बघते तरी काय? नमुन्याप्रमाणे लाल-पांढरे ठोकळे जुळवायला दिले की एखादा आठ वर्षांचा मुलगा एक ठोकळा ठेवतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. दुसरा ठेवतो, पुन्हा माझ्याकडे बघतो. मी नुसती वही सरकवली तरी ठेवलेला ठोकळा उचलून घेतो. त्याला जुळवता येत असतं, पण वेळ मोजलेला असतो आणि गुण जातात. अशा वेळी मी तुम्हाला विचारते, अभ्यासाला जवळ कोण बसतं? चुकलं की काय होतं? इथे कितीतरी आयांचे डोळे भरून येतात. नोकरी, लोकलची गर्दी, स्वयंपाक, आणि त्यानंतर रोज ‘ब’ आणि ‘व’मध्ये अडकणारं लेकरू. त्या माउलीला दोष कुठल्या तोंडाने द्यायचा? बाबा, तुम्हालाही बोलावते ते याचसाठी. एकट्या आईला पाठवू नका.

काही मुलांना खरोखरच अध्ययन अक्षमता असते. ती मार देऊन किंवा जास्तीची शिकवणी लावून जात नाही, त्यासाठी वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. ‘शिक्का बसेल’ या भीतीने तुम्ही थांबता, पण वर्गात ‘ढ’ म्हणून शिक्का आधीच बसलेला असतो, आणि तो मूल एकटंच सोसत असतं. याचं मला फार वाईट वाटतं.

चाचणीसाठी ज्यांच्याकडे जाल, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, हे बेलाशक विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आणि येताना मुलाला ‘बागेत जाऊ’ असं खोटं सांगून आणू नका. “एक ताई आहेत, त्या मुलांशी आणि आई-बाबांशी बोलतात. तिथे चुकलं तरी चालतं,” एवढं सांगा. पोटभर खाऊ घालून आणा, चष्मा असेल तर विसरू नका. शाळेच्या वह्याही हव्यात, खाडाखोड आणि लाल शेरे असतील तशाच.